एक चमचा अनशापोटी

मराठी घरात शिंक ही खाजगी बाब कधीच नसते. लोकलमध्ये शिंकलात तर शेजारचा फार तर तोंड फिरवतो. घरात शिंकलात की चौकशी समिती बसते. काल केस ओले ठेवून झोपलीस का? पंखा पाचावर होता ना? त्या मित्राच्या लग्नात आइसक्रीम किती खाल्लंस? साक्षीपुरावे होतात, उलटतपासणी होते आणि निकाल मात्र आधीच लिहून ठेवलेला असतो : तुझी इम्युनिटी कमी झालीये.

ही कमी झालेली वस्तू अंगात कुठे असते, आधी किती होती आणि किती असायला हवी, हे समितीतल्या कुणालाच सांगता येत नाही. रक्तदाबाचं यंत्र घरोघरी आलं. साखर रक्ताच्या एका थेंबात कळते. ऑक्सिजन मोजायची चिमटी २०२०-२१ मध्ये आपण सांगेल त्या भावानं घेतली, ती आता जुन्या रिमोटांबरोबर खणात पडून आहे. इम्युनिटीला मात्र मीटर नाही, आणि तिच्या धंद्याचं निम्मं यश यातच आहे. जे मोजता येत नाही, ते कितीही वाढवता येतं. 'कमी पडली' असं कुणालाही सांगता येतं. 'आता पुरे' असं कुणीच सांगू शकत नाही.

आमच्या घराण्यात हे खातं आत्याकडे आहे. आत्या सांगलीची, वय ब्याऐंशी. पुण्याला येते ती दोन पिशव्या घेऊन. एकीत तिचे कपडे असतात, दुसरीत आमची प्रकृती. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, वावडिंग, हळकुंडं, गुळवेलीच्या वाळलेल्या कांड्या असं सगळं वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेलं असतं. कुठल्याही पुडीवर नाव नाही. नाव लिहायची गरज तिला नसते आणि आम्हाला कळावं अशी तिची इच्छा नसते. सितोपलादी चूर्ण ती घरी करते. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. माझ्या मुलाला दोनाचे घात शाळेत शिकवायच्या आधी सितोपलादीतून समजले होते.

आत्या कधी 'घेतोस का' असं विचारत नाही. ती देते. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की चमचा तोंडासमोर हजर असतो. हे काय आहे, असं विचारायला तोंड उघडावं लागतं आणि तिथेच खेळ संपतो.

कडू ते हितकर, हा आपल्याकडचा मूळ सिद्धान्त आहे आणि त्याची दीक्षा पाळण्यातच मिळते. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, हळकुंड, अतिविष हे सगळे सहाणेवर दुधात उगाळायचे, कशाचे दोन वळसे, कशाचा अर्धा, आणि ती बाळगुटी त्या बिचाऱ्या जिवाच्या जिभेला लावायची. जगात दुधाखेरीज काय काय असतं, याची पहिली बातमी मराठी बाळाला अशी कळते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजी 'हो हो, बरोबर आहे तुमचं' म्हणते आणि दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत त्या शब्दाला जागते.

पुढे चैत्र येतो. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पानं गूळ, हिंग, जिरं, ओवा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून वाटतात. वर्षाची सुरुवातच अशी कडू केली की पुढचं सगळं त्या मानानं बरं जातं, असा त्यात हिशेब असावा. ताप आला की रात्रभर भिजवलेलं काडेचिराईत ठरलेलं. ते प्यायल्यावर तोंड वाकडं झालं की घरातली मोठी माणसं समाधानानं एकमेकांकडे बघत. औषध लागू पडतंय, याचा तो पुरावा होता. ताप उतरणं हा पुढचा, कमी महत्त्वाचा भाग.

बाजारानं घाव घातला तो नेमका या सिद्धान्तावर. माझा भाचा न्यू जर्सीहून दर वेळी एक मोठी बाटली आणतो. तिच्यात स्ट्रॉबेरीच्या चवीच्या, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या असतात आणि त्यांत अश्वगंधा असते. ज्या मुळीचा वास घेऊन आमच्या पिढ्यांनी नाकं मुरडली, ती आता गुलाबी अस्वल होऊन जिभेवर विरघळते. आत्यानं एक अस्वल तोंडात घातलं, क्षणभर घोळवलं आणि हळूच रुमालात काढून ठेवलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "मग उपयोग काय?"

गुळवेलीला मात्र बाजाराची गरज लागली नाही. ती घराबाहेरच होती. २०२०च्या आधी आमच्या सोसायटीच्या कुंपणावर एक बेवारस वेल होती. माळी दर पावसाळ्यात तिला शिव्या देऊन छाटायचा. मग सगळ्या मोबाइलांवर एकाच आठवड्यात निरोप फिरला की हीच ती अमृता, हीच ती गुडूची, आणि वेलीचं नशीब उघडलं. रात्री जेवणानंतर शतपावलीला निघालेल्या सभ्य माणसांच्या खिशात कात्र्या सापडू लागल्या. त्यातून कुणीतरी शोध लावला की कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी मानतात. सोसायटीत कडुनिंब एकच आणि तो सेक्रेटरींच्या गाडीच्या जागेवर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी झाडाला आणखी चिकटवून लावली. शेवटी चेअरमनांनी फलकावर सूचना लावली : 'गुळवेल ही संस्थेची सामायिक मालमत्ता असून प्रत्येक सदनिकेस आठवड्यास वीतभर कांडी मिळेल. भाडेकरूंनी घरमालकांमार्फत अर्ज करावा.'

तरी टंचाई झालीच. तेव्हा बदामाच्या आकाराचं पान असलेली प्रत्येक वेल गुळवेल ठरू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मनीप्लांट एका रात्रीत निम्मा झाला. तो काढा कोण प्यायलं, हे कधी उघड झालं नाही. पण बी विंगमध्ये पुढचे दोन दिवस फार शांततेत गेले.

यातली गंमत पुढे थोडी आंबट झाली. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. २०२१ मध्ये डॉक्टरांनी हे यकृतविषयक नियतकालिकात छापलं. आयुष मंत्रालयानं लगेच हरकत घेतली की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे डॉक्टरांनी तपासलेलं नाही. दिसायला सारखी अशी तिची एक चुलत बहीण आहे, ती असेल. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा त्रेचाळीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं : ज्यांच्या शरीरात स्वतःवरच उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचा आजार दबा धरून आहे, त्यांनी तिला आणखी चिथावू नये. मी हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कडुनिंबावरची होती का?"

आता त्या प्रसिद्ध काढ्याकडे येऊ. मार्च २०२०च्या अखेरीस आयुष मंत्रालयानं ज्या सूचना दिल्या, त्या खरं तर फार माफक होत्या. कोमट पाणी प्या. स्वयंपाकात हळद, जिरं, धणे, लसूण वापरा. सकाळी चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम च्यवनप्राश घ्या. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्या. दीडशे मिलिलिटर दुधात अर्धा चमचा हळद घाला. नाकपुड्यांना तिळाचं तेल, खोबरेल किंवा तूप लावा. मग 'आयुष क्वाथ' आला : तुळस चार भाग, सुंठ दोन, दालचिनी दोन, मिरी एक. सगळं चमच्यांत आणि मिलिलिटरांत.

पण घरात बसलेल्या माणसाकडे पातेलं होतं आणि दिवसभराचा वेळ होता. 'एकदोनदा' ही किमान मर्यादा आहे असं आपण वाचलं. चार-दोन-दोन-एक या हिशेबातला मिरीचा एक भाग पाहून पुष्कळांना मिरीवर अन्याय झाल्यासारखं वाटलं. त्यांनी तो भरून काढला. मग ओवा, लवंग, गवती चहा, अडुळसा, लसूण, लिंबू, ज्याच्या घरी जे होतं ते त्यात पडलं. आठ पेले पाणी एक पेला होईपर्यंत आटवायचं आणि उभ्यानं संपवायचं. विषाणू दाराबाहेर थांबला की नाही, याचा पुरावा नाही; दाराच्या आत मात्र छातीत जळजळ, पोटात आग आणि तोंड आलेलं, अशी परिस्थिती होती. फॅमिली डॉक्टरांना त्या वर्षी सर्दीपेक्षा पित्ताचे फोन जास्त आले असतील. ऐन वैशाखात सुंठ-मिरीचा काढा दिवसाला चार वेळा पिणं, हे कुठल्याही ऋतुचर्येत बसत नाही. ते सांगायला वैद्य होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. काढा फुकट होता आणि वैद्यांना फी द्यावी लागते.

त्यानंतर दुकानं उघडली आणि बाहेर पाहतो तर सगळं जग इम्युनिटीत बुडालेलं. बिस्किटात ती होती, पावात होती, चहात होती. बंगळूरच्या एका कंपनीनं हळदीचं आणि च्यवनप्राशाचं आइसक्रीम काढलं. ज्या आइसक्रीमनं आपली इम्युनिटी घालवली असं चौकशी समिती वर्षानुवर्षं सांगत आली, त्यातच ती आता परत मिळणार होती. मध्य प्रदेशच्या हातमाग महामंडळानं 'आयुर्वस्त्र' नावानं साड्या आणल्या. वनौषधींच्या काढ्यात भिजवलेल्या, किंमत तीन हजारांच्या पुढे. नेसल्यावर प्रतिकारशक्ती वाढते, असं सांगण्यात आलं. साडी घेतल्यावर नवऱ्याचा प्रतिकार कमी होतो, एवढाच अनुभव त्याआधी नोंदलेला होता. आमच्या भागात नगरसेवकांच्या माणसांनी होमिओपॅथीच्या अर्सेनिक आल्बमच्या गोळ्या वाटल्या. पाकिटावर औषधाचं नाव बारीक अक्षरांत, नगरसेवकांचा फोटो ठळक. होमिओपॅथीत द्रव्य जितकं विरळ तितकं ते प्रभावी मानतात, त्यामुळे फोटोबद्दल थोडी काळजी वाटली.

या सगळ्या मेळ्यात कुलीन घराणं एकच : च्यवनप्राश. त्याची पाककृती चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे आणि ती पाचशे आवळ्यांपासून सुरू होते. एवढी मोठी घाणी घालायची तर त्या काळात कुटुंबंही तेवढीच मोठी असली पाहिजेत. च्यवन ऋषी वारुळात बसून तप करत होते, शर्याती राजाच्या मुलीनं, सुकन्येनं, चमकणारं काहीतरी दिसलं म्हणून काडी घातली आणि ते निघाले ऋषींचे डोळे. भरपाई म्हणून राजानं मुलगीच देऊन टाकली. जख्ख म्हातारा नवरा आणि तरुण बायको, हा प्रश्न अश्विनीकुमारांनी सोडवला. महाभारतातल्या गोष्टीत ते काम एका तळ्यात डुबकी मारून भागतं. चमचा, बरणी, सकाळी अनशापोटी, असला काही त्रास नाही. चरकांच्या म्हणण्यानुसार मात्र म्हातारे च्यवन तरुण झाले ते या रसायनामुळे. दोन्हीकडे मुद्दा एकच आहे : ऋषींना सर्दी झालेली नव्हती. त्यांना तारुण्य हवं होतं. आपण तोच अवलेह शाळेत जाणाऱ्या सात वर्षांच्या पोराला देतो. त्याच्याकडे तारुण्य अजून यायचंय.

चरकांच्या पाचशे आवळ्यांनंतर दोन हजार वर्षांनी आकड्यांचा वाद कुठे पोहोचला, पाहा. २०२५ साली देशातल्या दोन मोठ्या कंपन्या च्यवनप्राशावरून दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या. एकीनं आपल्या जाहिरातीत चाळीस वनौषधींच्या च्यवनप्राशाला 'साधा' म्हटलं होतं. दुसरीची जाहिरात चाळीस वनौषधींचीच होती, आणि पहिलीचा दावा एक्कावन्नांचा. वरच्या अकरा वनौषधी प्रतिकारशक्तीचं नक्की काय करतात, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. अपमान झाला का, एवढाच होता. आत्याला मी निकाल विचारला. ती म्हणाली, "आवळे किती घातले ते विचार. बाकीचं पाकात कुणाला कळतंय?" साखरेचा पाक हा च्यवनप्राशातला खरा सार्वत्रिक घटक आहे, हे सत्य एवढ्या थोडक्यात मी कुठल्याही डब्यावर वाचलेलं नाही.

हळदीचं प्रकरण आत्याच्या दृष्टीनं घरचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला ते दोन वर्षं आधी मिळालं होतं, त्याबद्दल आत्या बोलत नाही. कृष्णाकाठच्या हरिपूरला जमिनीखाली खणलेल्या पेवांत पोतीच्या पोती हळद वर्षानुवर्षं टिकायची, हे ती माहेरच्या दागिन्यांच्या सुरात सांगते. अशा बाईला १९९५ साली कळलं की हळदीनं जखम बरी होते हा शोध अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावानं पेटंट झाला आहे, तेव्हा तिनं भाजी चिरताना बोट कापून घेतलं नसेल तरच नवल. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं जुने ग्रंथ पुढे मांडून ते पेटंट आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. या लढाईला 'हळदीघाटी' म्हणतात. आत्याच्या मते ती जिंकली आजीबाईच्या बटव्यानं. माशेलकर वकील होते.

पण पेटंट गेलं तरी हळद गेलीच. ती परदेशी जाऊन 'गोल्डन लाटे' झाली. भाचा सांगतो की तिकडे कॅफेत रांगेत उभं राहून, कॉफीहून जास्त पैसे मोजून लोक हळदीचं दूध पितात. याच मुलाला इथे असताना हळदीचं दूध पाजायला दोन माणसं लागत. एक पाय धरायला. मग कॅप्सूल निघाली. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही, तर त्यात मिरीतलं पायपरिन घालतात. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं होतं की पायपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढतं. ऐकायला छान आहे. फक्त अमेरिकेत अशा जोडगोळीच्या कॅप्सूल घेऊन यकृत दुखावलेल्या माणसांच्या नोंदी आता छापून येऊ लागल्या आहेत. आमटीत चिमूटभर घातली की ती मसाला असते. रोज मूठभराचा अर्क गोळीत कोंबला की ती काय असते, हे यकृताला आपल्याआधी कळतं.

बाटली पुढून वाचू नये, मागून वाचावी. पुढे ढाल घेतलेला माणूस, हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत इम्युनिटी. मागे, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, इंग्रजीत एक ओळ : औषधी वापरासाठी नाही. आरोग्यपूरक पदार्थांवर अन्नसुरक्षा खात्याच्या २०१६च्या नियमांनुसार ती ओळ छापावीच लागते. म्हणजे एकाच कंपनीचं पुढचं तोंड आणि मागचं तोंड वेगळं बोलतं, आणि दोन्ही कायदेशीर आहेत. त्यातून तीच अश्वगंधा एक कारखाना अन्नाच्या परवान्यावर विकतो, दुसरा आयुर्वेदिक औषधाच्या. मुळीला स्वतःला हा फरक कळत नसावा. रोग बरा होतो असे चमत्कारिक दावे करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून जाहिरातवाल्यांनी एक निरुपद्रवी क्रियापद शोधून काढलं : मदत करते. प्रतिकारशक्ती टिकवायला मदत करते. किती करते, कशी करते, मदतीचा मोबदला किती, काही नाही. आमच्या धाकट्या मेहुण्यांचीही लग्नकार्यात अशीच मदत असते.

एकदा मी फॅमिली डॉक्टरांना सरळ विचारलं की ही प्रतिकारशक्ती वाढवायची तरी कशी. त्यांनी मलाच विचारलं, "वाढवायची कशाला? तुमच्या मुलीला धुळीनं शिंका येतात ना? तो वाढलेल्याच प्रतिकाराचा त्रास आहे. सोसायटीचा वॉचमन झोपाळू नको हे खरं, पण तो घरच्याच माणसांना गेटवर अडवून मारायला लागला तर? दमा, सांधेदुखीचे काही प्रकार, ते हेच. वॉचमनला जोर नको, ओळख हवी. आणि ओळख करून द्यायचं काम लस करते."

हे वाक्य पुण्यात उच्चारलं गेलं, हेही लक्षात ठेवा. १८९७ मध्ये हाफकिननी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली; परळची संस्था आजही त्यांचं नाव लावते. हडपसरला १९६६ पासून लशींचा कारखाना आहे आणि तो जगभर लशी पाठवतो. २०२१ मध्ये त्याच कारखान्याची लस घ्यायला पुणेकर रांगेत उभे राहिले, तेव्हा पुष्कळांच्या हातात थर्मास होता आणि थर्मासात काढा. पुढे बरे राहिले, तेव्हा श्रेय थर्मासाला गेलं. लशीनं फक्त हात दुखला होता. काढ्यानं घसा, पोट आणि छाती दुखली. कष्ट त्यानं जास्त घेतले होते.

डॉक्टरांवर आत्याचा विश्वास बसेना, म्हणून तिला एका चांगल्या वैद्यांकडे नेलं. किमान ते तरी आपल्या पक्षाचे असतील, अशी तिची खात्री होती. वैद्यांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भूक केव्हा लागते, झोप किती, पोट कसं साफ होतं, ते विचारलं. मग पिशवीतल्या पुड्या एकेक करून उघडल्या, वास घेतला आणि बाजूला ठेवल्या. "यातलं सध्या काहीच नको," ते म्हणाले. "रात्री आठच्या आत जेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. भूक नसताना खाऊ नका. रोज चाला. आणि हे सगळे काढे बंद करा, पित्त वाढलंय." आत्याचा चेहरा पडला. हे सल्ले फुकट होते, बेचव होते आणि ते चमच्यानं भरवता येत नव्हते. परतताना रिक्षात ती एवढंच बोलली : "मुलगा शिकलाय चांगला, पण अनुभव नाही." वैद्य सत्तरीचे होते.

आत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिचं शास्त्र सर्व बाजूंनी बंद आहे. आजारी पडला नाहीत : काढ्यामुळे. पडलात : काढा कमी पडला. फार पडलात : घेतला नसता तर याहून किती पडला असतात, याचा विचार करा. काढा घ्यायला विसरूनही ठणठणीत राहिलात : आधीचा अंगात मुरला होता. असल्या शास्त्राला हरवण्याचे प्रयत्न मी सोडले आहेत. या व्यवहारात घेणाऱ्याची तब्येत सुधारते का, यावर मतभेद असतील. पण देणाऱ्याची सुधारते, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. आत्या पहाटे पाचला उठते. भिजवते, वाटते, गाळते. आटलेला काढा घेऊन जिन्यानं तीन मजले चढते, कारण लिफ्टमध्ये तो हिंदकळतो, आणि शेजारच्या काकांना तो संपेपर्यंत समोर उभी राहते. दुपारी गुळवेलीच्या कांड्या उन्हात घालते, संध्याकाळी साऱ्या नात्यात फोन करून कुणाला किती शिंका आल्या याचा हिशेब घेते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक आणि रात्री नऊला दिवा बंद.

गेल्या खेपेला तिच्या सर्व तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर कागद उलटसुलट करत बसले. साखर ठीक, रक्तदाब ठीक, यकृत ठीक, हिमोग्लोबिन माझ्याहून बरं. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"आजी, एक खरं सांगा. हा च्यवनप्राश, गुळवेल, सितोपलादी, काढे... यातलं तुम्ही स्वतः नेमकं काय काय घेता?"

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. इतका शिकलेला माणूस असलं काही विचारेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"मी?" ती म्हणाली. "मी कशाला घेऊ? मला काय धाड भरलीये?"